गालातली हवा

दिग्या जगला तर त्यात सगळ्यात मोठा फायदा आमच्या आजोबांचा, तात्यांचा होता. त्यांना दात मिळणार होते.

स्वतःचे पुढचे दोन दात त्यांनी एका वरातीत घालवले. फटाक्याला घोडा बुजला, मागं सरकला, आणि तात्यांच्या ओठाला लावलेलं ट्रंपेट घोड्याच्या ढुंगणानं आत ढकललं. नवरदेव वरून पडला नाही, हे त्याचं नशीब. दात पडले, हे आमचं. ट्रंपेट वाजवायला छाती लागते, ओठ लागतो, पण ओठाच्या मागं भिंतच नसेल तर नुसता वारा. तात्यांनी कवळी बसवून बघितली. पहिल्याच चढ्या सुराला ती सुटली आणि ट्रंपेटाच्या तोंडाशी अडकली. अख्ख्या वऱ्हाडानं ती पाहिली. तेव्हापासून 'किरणमाला ब्रास बँड'ला मालक होता, लाल कोट होते, रंगवलेला टेंपो होता. तोंड नव्हतं.

माझे वडील, अण्णा, मोठा ढोल वाजवायचे. त्यांच्याबद्दल तात्या एवढंच म्हणत, "त्याला बडवता येतं." त्यामुळं घराण्याची सगळी आशा माझ्या भावावर, दिगंबरवर. त्याचे पुढचे दात फावड्यासारखे. शाळेत पोरं हसायची, घरी तात्या ते दात बघून समाधानानं जेवायचे.

तर जत्रा तोंडावर आली होती. जतच्या पुढं आमचं गाव, वर्षातून एकदा जागं होणारं. पत्र्याच्या शेडमध्ये सगळा बँड तालमीला जमला होता. मधोमध खुर्चीवर दिग्या, अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके. कोट त्याच्यावर असा दिसत होता की कोटालाच मुलगा झालाय. तात्यांनी हातात प्लास्टिकचं एक यंत्र धरलं होतं आणि ते मंडळींना दाखवत होते, जत्रेत रेवड्यावाला तराजू दाखवतो तसं.

"बघा. फुंक रं."

दिग्यानं पाइप तोंडात धरला. यंत्राच्या तीन नळ्यांतल्या तीन रंगीत गोळ्या टक्कन वर उडाल्या आणि नळ्यांच्या टोकाला लागल्या.

"तिन्ही," तात्या म्हणाले. साईड ड्रमवाल्या मुबारकनं आनंदानं एक रोल वाजवला. "कोण म्हणतंय पोरगं आजारी हाय? भीमरावाला जाऊन सांगा, म्हणावं किरणमालाचं तोंड परत आलंय."

भीमराव म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. भांडून वेगळे झालेले, त्यांचाही बँड, आणि त्यांचे सगळे दात शाबूत.

मी कोपऱ्यात खुळखुळा घेऊन बसले होते. पोरींना आमच्या घरात तेवढंच वाद्य मिळायचं, तेही घरातल्या घरात. मी त्या गोळ्या बघितल्या, आणि दिग्याचा कोट बघितला. गोळ्या उडाल्या तेव्हा कोट हलला नव्हता.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

दिग्याच्या हाडांनी रक्त करायचं सोडून दिलं होतं. पोरगं चुन्यासारखं पांढरं, अंगावर निळे डाग, नाकातून रक्त आलं की बादली घेऊन बसायचं. पुण्याच्या हॉस्पिटलात चांदोरकर मॅडम म्हणाल्या, हाडातला मगज बदलावा लागेल. सगळ्यांचं रक्त तपासलं. तात्यांनीही दंड पुढं केला.

"आजोबा, तुमचं वय झालं," मॅडम म्हणाल्या.

"वय झालं, पण वाजवणाऱ्याचा माल हाय."

जुळला माझा. मी तेव्हा चौथीत. घरात माझा एकदम भाव वाढला. आई मला साय काढून द्यायला लागली, आणि मला उमगलं की आपल्याजवळ काहीतरी आहे जे बाजारात मिळत नाही. हॉस्पिटलशेजारच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो. तिथं दुपारी, आई डाळ शिजवत असताना, मी दिग्याला गाठलं.

"फुकट देणार नाही मी," मी म्हटलं.

"मेलो तर?"

"मग तुझं सगळं मलाच राहतंय. बघ बाबा."

त्यानं विचार केला. "काय पायजे?"

"खिडकीजवळची झोपायची जागा."

"दिली."

"पतंगाची फिरकी."

"मांजा सोडून."

"मांजासकट."

"घे मांजासकट, मर."

"आणि गालातली हवा शिकवायची."

दिग्यानं आईकडं बघितलं, दाराकडं बघितलं. गालातली हवा ही आमच्या घराण्यातली चोरून जपलेली गोष्ट. छातीतला वारा संपत आला की गालात साठवलेला पुढं ढकलायचा, आणि तेवढ्यात नाकानं गुपचूप श्वास घ्यायचा. सूर तुटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला श्वास लागतच नाही. तात्यांनी ती अण्णांना शिकवून बघितली आणि नाद सोडला, मग दिग्याला शिकवली. पोरींना शिकवायची नाही, कारण पोरीचे गाल सुटले की स्थळं येत नाहीत. हा शोध तात्यांचाच.

"तात्या मारतील," दिग्या म्हणाला.

"तुला कोण मारतंय? तुला तर हात लावला तरी निळा होतोयस."

हे त्याला पटलं. मग त्या धर्मशाळेत, पाण्याचा पेला आणि शरबताची नळी घेऊन, त्यानं मला शिकवलं. पाण्यात बुडबुडे काढत राहायचे, बुडबुडे थांबता कामा नयेत. मला पहिल्यांदा नाकातून पाणी आलं. दुसऱ्यांदा पेला आईच्या डाळीत सांडला. पण भूल द्यायला आत नेलं तोवर मला जमायला लागलं होतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी दिग्याला गाल फुगवून दाखवले. मॅडम आईला म्हणाल्या, "धाडसी आहे हो मुलगी." आईनं मान डोलावली. माझा सौदा तिला ठाऊक नव्हता.

कमरेच्या हाडातून मगज काढला, पिशवीतून दिग्यात गेला. तो काचेच्या खोलीत पुष्कळ दिवस राहिला, केस गेले, पुन्हा आले, आणि माझा मगज त्याच्या हाडांत कामाला लागला. घरी पाठवताना मॅडमनी ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं. पाइप तोंडात धरायचा आणि श्वास आत ओढायचा. छाती जितकी भरेल तितक्या गोळ्या वर.

"मगज बदलल्यावर काही मुलांच्या फुप्फुसांना त्रास होतो," मॅडम म्हणाल्या. "हळूहळू होतो, लक्षात येत नाही. म्हणून हे रोज करायचं. गोळ्या कमी चढल्या की त्याच दिवशी मला फोन. आणि आजोबा, आत ओढायचा हं. फुंकायचा नाही."

तात्यांनी मान हलवली. आमच्या तात्यांची मान म्हणजे मंदिराची घंटा. कुणीही हलवावी, आतला देव काही कबूल करत नाही.

घरी आल्यावर त्यांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. "आत ओढायचं? चिलीम हाय व्हय ही?" आमच्या घराण्यात हवा आत घेणं ही कला नव्हेच, ते आडोशाला उरकायचं काम. कला म्हणजे बाहेर काढलेली हवा. यंत्र उलटं धरलं की फुंकल्यावरही गोळ्या वर जातात, हे तात्यांनीच शोधून काढलं, आणि डॉक्टर लोकांना हे कसं सुचलं नाही याबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली. रोज सकाळी यंत्र उलटं, दिग्या फुंकायचा, आणि मॅडमचा फोन आला की तात्या सांगायचे, "तिन्ही." खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग थंडी संपता संपता मला दिग्यात काही काही दिसायला लागलं. शेडच्या पायऱ्या चढताना तो मधेच बसायचा आणि चप्पल नीट करायचा. चप्पल नीटच असायची. दात घासताना भिंतीला टेकायचा. आणि मला शिवी देताना मधे थांबायचा. शिवी ही एका दमात द्यायची गोष्ट आहे. मधे थांबून दिलेली शिवी ऐकणाऱ्यालाच लाजवते. मी आईला सांगितलं. आईनं तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "तिन्ही वर जात्यात की रोज. आणि काय पायजे?" मग माझ्याकडं बघून, "हिला खुळखुळ्याशिवाय काय मिळालं न्हाई, म्हणून जळतीया."

तर त्या दिवशी शेडमध्ये गोळ्या उडाल्या आणि कोट हलला नाही, तेव्हा मला कळलं काय चाललंय. गाल पुरीसारखे फुगले आणि चपटे झाले. छाती त्यात नव्हतीच. ज्याला ती युक्ती येत नाही त्याला दिसलं नसतं. मला येत होती. मांजासकट फिरकीच्या वर वसूल केली होती मी.

मुबारकचा रोल संपायच्या आत मी उठले, खुळखुळा ठेवला आणि दिग्याचे दोन्ही गाल तळव्यांत धरले.

"आता फुंक," मी म्हटलं.

"सोड."

"फुंक की. तिन्ही वर जात्यात ना?"

तात्या ओरडायच्या बेतात होते, पण सगळा बँड बघत होता, म्हणून हसले. "फुंक रं. तिचं बी समाधान हू दे."

दिग्यानं माझ्याकडं असं बघितलं की ते मी अजून विसरले नाही. मग पाइप तोंडात धरून फुंकला. गोळ्या नळीच्या बुडाशी बसून राहिल्या. तिन्ही. त्यानं पुन्हा जोर केला. मधली जराशी थरथरली, जणू तिला दया आली, आणि तीही बसली. मग दिग्या माझ्या अंगठ्याला कडाडून चावला. दात मात्र खरंच चांगले होते.

"हात काढ, वैजे," तात्या म्हणाले.

"तात्या, त्यो गालानं वाजवतोय."

"मग कशानं वाजवायचं? गालानंच तर..." आणि तात्या थांबले. वाजवणारा माणूस, त्याला कळायला किती वेळ लागणार. गालातली हवा कधी वापरायची हे त्यांनीच शिकवलेलं. आतली संपल्यावर.

ते दिग्याच्या पुढ्यात उकिडवे बसले. "कवापासनं?"

"जत्रा," दिग्या म्हणाला आणि थांबला. "झाल्यावर." पुन्हा थांबला. "सांगणार हुतो."

आई चुलीपुढून तशीच आली होती. तिनं कोटाची बटणं काढली. आत बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती, भात्यासारखी. तिनं त्याचा हात उचलून नखं बघितली. नखं जांभळी होती. ती अण्णांना म्हणाली, "टेंपो काढा."

आमच्या टेंपोच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या आनंदाचे साथीदार'. त्यातून आम्ही मिरजेला गेलो, ढोलाला टेकून. रस्त्यात दोन ठिकाणी लोकांनी हात करून तारीख मोकळी आहे का विचारलं. मिरजेत ऑक्सिजन लावला, तिथून ॲम्ब्युलन्सनं पुणे. मला घरी ठेवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही. ॲम्ब्युलन्समध्ये तात्या सबंध रस्ता यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. सुलटं.

पुण्यात चांदोरकर मॅडम कॉरिडॉरमध्ये आमच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"छातीत संसर्ग झालाय, त्याला औषध चालू केलंय. पण त्याच्या आधीपासून दुसरंच सुरू असणार. नवीन मगजातून तयार होणाऱ्या पेशी कधीकधी पेशंटच्या शरीरालाच परकं समजतात. त्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांवर तुटून पडतात. नळ्या आकसतात. तेच झालंय."

तात्यांनी हे हळूहळू चावलं. "नवीन मगज म्हंजे, हिचा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सिस्टरसुद्धा.

"तिचा काही दोष नाही यात," मॅडम घाईनं म्हणाल्या. "तिच्यामुळं तर तो आहे."

"दोष कुठं म्हणतोय मी," तात्या म्हणाले. "पण ही लई भांडकुदळ हाय, हे आदी सांगाय पायजे हुतं आमी. चुकलंच."

आई हसली. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला.

"मग माझं परत घ्या," मी मॅडमना म्हटलं.

"असं परत घेता येत नाही गं बाळा."

"वापरलेलं चालंल मला."

मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेल्या. मी कमरेवर, सुई टोचली होती तिथं, हात ठेवून उभी राहिले. आत काय चाललंय ते बाहेरून काही कळत नव्हतं. गपच होतं तिथं सगळं. भांडण पाठवून दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिग्याच्या तोंडावर एक मास्क बसवला, नाकापासून हनुवटीपर्यंत, पट्ट्यांनी आवळून. मास्कला नळी, नळीला मशीन. मशीन जोरानं हवा आत सोडायचं म्हणजे त्याच्या थकलेल्या छातीला आराम. पण दिग्या मास्क उपटायचा. हात धरले तर मान फिरवायचा. मशीन सूं करायचं आणि दिग्या गाल फुगवून उलट फुंकायचा. मशीन टूं टूं ओरडायचं. असं दुपारपर्यंत चाललं. मग मॅडम बाहेर आल्या.

"तो मशीनशी झगडतोय. ते हवा देतं तेव्हा हा बाहेर ढकलतो. दमत चाललाय. असंच राहिलं तर घशात ट्यूब घालून पूर्ण व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल." त्या थांबल्या. "आणि या फुप्फुसांत एकदा ट्यूब घातली, तर ती पुन्हा काढता येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"ढकलणारच," तात्या म्हणाले. नकळत त्यात जरा अभिमान आला. "तसंच शिकवलंय."

"मग आता उलटं शिकवा, आजोबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. मी ट्यूबची तयारी करायला सांगितलीय, ती होईपर्यंत तुमच्याकडं वेळ आहे."

तात्यांना हिरवा गाऊन घातला, डोक्याला टोपी. कवळी खिशात राहिली होती, ती सदऱ्याबरोबर बाहेर गेली. पुढच्या दोन दातांविना ते पलंगाशी उभे राहिले. आई पलीकडं. मला दाराशी उभं राहायची परवानगी मिळाली.

"दिग्या," तात्या म्हणाले. "फुंकू नगंस."

दिग्या फुंकला. मशीन ओरडलं.

"आरं, आत घे. त्यो देतोय ती घे."

दिग्यानं त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ज्या माणसानं हवा बाहेर काढायला शिकवलं, तोच आता असं सांगतोय. त्याला ती परीक्षाच वाटली असणार. त्यानं आणखी जोरात फुंकलं. घामानं पट्ट्या भिजल्या होत्या.

मग त्याचा उजवा हात चादरीवर हलला. तीन बोटं, एकामागून एक, दाबली आणि सोडली. ट्रंपेटाच्या कळा. तो जत्रेचं विचारत होता.

"जत्रा ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले.

बोटं पुन्हा हलली.

"ऱ्हाऊ दे म्हणतो की. हे बघ." त्यांनी मशीनकडं बोट केलं. "ह्यो मास्तर. आता आपण म्होरं न्हाई, आपण मागं. मास्तर उचलंल तवा उचलायचं." आणि बँडपुढं उभे राहायचे तसा त्यांनी हात वर केला. मशीन सूं झालं की तळवा वर, थांबलं की खाली. ताल बरोबर पकडला होता. पण दिग्याची नजर हातावर नव्हती. तो तात्यांच्या तोंडाकडं बघत होता, त्या दोन दातांच्या खिंडीकडं. बोटं तिसऱ्यांदा हलली. म्हणजे, मी नाही तर मग कोण?

दारात सिस्टर ट्रे घेऊन येऊन थांबली. मॅडम मागं होत्या. तात्यांनी खोलीभर नजर फिरवली. आई, सिस्टर, मॅडम, भिंतीवरचं घड्याळ. शेवटी मी.

"ही वाजवंल," तात्या म्हणाले.

दिग्याचे डोळे बशीएवढे झाले. आणि त्यानं श्वास आत ओढला. आश्चर्य वाटलं की माणूस आधी हवा आत घेतो, तिथं घराण्याचं शिक्षण चालत नाही. नेमकं तेव्हाच मशीन सूं झालं आणि ती हवा सरळ आत गेली. मशीन ओरडलं नाही.

"हां," मॅडम हलकेच म्हणाल्या. "असाच. पुढचा."

तात्यांचा तळवा वर गेला. दिग्याची नजर आता हातावर होती. आत. तळवा खाली. पुन्हा वर. सिस्टरनं ट्रे तसाच मागं नेला. तात्यांचा उजवा हात भरून आला तेव्हा त्यांनी डावा उचलला. खुर्ची दिली तर म्हणाले, "बँड बसून चालत न्हाई." संध्याकाळी दिग्याला मास्कसकट झोप लागली, तरी त्यांचा हात हलतच होता. मॅडमनी येऊन तो धरला आणि खाली ठेवला. "झोपेत तो आपला आपण घेतोय, आजोबा."

ट्यूब घालावी लागली नाही. संसर्ग औषधानं हटला. माझ्या पेशींना शांत करायला दुसरी औषधं सुरू झाली. मास्क हळूहळू कमी झाला, मग सुटला. पण ज्या नळ्या आकसल्या त्या आकसल्या. त्या मोकळ्या होत नाहीत, हे मॅडमनी आईला समजावून सांगितलं, आणि ट्रंपेट विषयसुद्धा काढू नका म्हणाल्या.

घरी आल्यावर तात्यांनी माझा विषय झटकायचा प्रयत्न केला.

"ते औषध म्हणून बोललो हुतो मी."

"सिस्टर साक्षीला हुत्या," मी म्हटलं. "मॅडमना फोन लावू?"

"डॉक्टरला पोरखेळात कशाला वडतीस?"

मी लावला. स्पीकरवर मॅडम म्हणाल्या, "आजोबा, माझ्यासमोर बोललात. मी ट्यूब परत पाठवली ती त्या शब्दावर." तात्यांनी माळ्यावरून ट्रंपेटची पेटी काढली.

पुढच्या जत्रेला लाल कोट मी घातला. गावात कुजबुज झाली. भीमरावकाका हाताची घडी घालून, सगळे दात दाखवत समोर उभे होते. माझा पहिला सूर रेडकासारखा निघाला. दुसरा म्हशीसारखा, म्हणजे वयात आला. मग लांब सूर धरायचा होता. छातीतला वारा संपला, गाल पुढं सरकले, नाकानं श्वास आला. सूर तुटला नाही. भीमरावकाकांची घडी सुटली. तात्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं आणि मग टेंपोच्या दारात बसलेल्या दिग्याकडं.

"कुणी शिकवलं हिला?"

"मगजातनं," दिग्या थांबून म्हणाला, "उलटं आलं असंल."

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बँड चालू आहे. सुपाऱ्या दिग्या घेतो. तीन शब्दांच्या वर बोलत नाही, त्यामुळं गिऱ्हाईकाला वाटतं मोठा कडक माणूस आहे, आणि घासाघीस होत नाही. जिन्यात अजून चप्पल नीट करतो. रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घेतो. आई तिला 'वैजीला गप करायची गोळी' म्हणते.

हिशेब घालायची माझी खोड गेलेली नाही. तात्यांना दात मिळाले, फक्त ते माझ्या तोंडात निघाले. मला खिडकी मिळाली, फिरकी मिळाली, मांजासकट, वर ट्रंपेट मिळालं. आणि गावात अजून सांगतात, बहिणीनं भावाला हाडातलं काढून दिलं. दिलं खरं. वरातीत लांब सूर आला की आतला वारा संपतो, मी गालातला पुढं ढकलते, आणि लोकांना वाटतं हिला श्वास लागतच नाही. तेवढा वेळ टेंपोच्या दारात बसलेला दिग्या स्वतःचा श्वास धरून ठेवतो.

त्याला ते परवडत नाही.